लाल शेरा

"घर अगदी व्यवस्थित तयार केलंय तुम्ही," सिस्टर रूथ म्हणाल्या, "पण ऑपरेशनची तारीख मला देता येणार नाही."

त्रिशला मगदूमनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. भूपाल खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर फाइल होती. गेले तीन आठवडे तो याच कामात होता. बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवून झाले होते, दोन्ही उंबरे उखडून काढले होते. छातीचं हाड जुळेपर्यंत त्रिशलाला हात वर करता येणार नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातले डबे त्यानं खालच्या फळीवर आणले होते. छातीशी उशी धरून कसं खोकायचं, याचा रोज सकाळी तिच्याकडून सराव करून घेणाराही तोच.

"का नाही देता येणार?" त्यानं विचारलं.

सिस्टर रूथनी संगणकाचा पडदा त्या दोघांकडे वळवला. हिरव्या खुणांची लांबलचक यादी होती. पाणी, वीज, पलंग, जिना, रुग्णालयापर्यंतचं अंतर. सगळ्यात खाली एकच ओळ लाल होती.

शुश्रूषक : श्री. भूपाल मगदूम. अपात्र.

भूपाल हसलाच. "सिस्टर, चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंय मी. मिरजेतले निम्मे डॉक्टर मला विचारून डोस लिहायचे."

"मला ठाऊक आहे, अण्णा. माझ्या आईची औषधं तुमच्याकडूनच यायची."

"मग?"

"मला कारण दिसत नाही. मला फक्त आकडा दिसतो."

त्रिशलाच्या हृदयातली एक झडप आकसत चालली होती. आधी जिना चढल्यावर दम लागायचा, आता आंघोळ करूनही लागत होता. सहा आठवड्यांच्या आत झडप बदलायला हवी, त्यापुढे भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्यातले तीन आठवडे संपले होते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी घरी जायचं, हा आता सगळीकडचाच नियम होता. औषधांना दाद न देणारे जंतू वॉर्डावॉर्डांत ठाण मांडून बसल्यापासून रुग्णालयांनी वॉर्डच बंद केले होते. माणूस घरीच लवकर बरा व्हायचा, पण ते घर त्या लायकीचं असावं लागे. ते ठरवण्यासाठी 'सोबत' होती.

सोबत म्हणजे भिंतींवर चिकटवायच्या पाच पांढऱ्या डब्या. त्यांत कॅमेरा नव्हता आणि त्या काही ऐकतही नव्हत्या. त्यांच्यातून मंद रेडिओलहरी निघत. या लहरी भिंतीतून आरपार जातात, पण माणसाच्या शरीरातल्या पाण्यावर आपटून परत फिरतात. परतलेल्या लहरींत त्या माणसाच्या श्वासाची लय, दोन पावलांमधलं अंतर, हाताची थरथर, सगळं उमटलेलं असतं. पंधरा दिवस अशा नोंदी झाल्या, की संगणक त्या घराची हुबेहूब नक्कल उभी करायचा. त्या नकलेत रुग्ण ऑपरेशन करून घरी यायचा आणि पुढचे चाळीस दिवस दहा हजार वेळा जगून पाहायचा. एखाद्या वेळी पाय घसरे, एखाद्या वेळी ताप कुणाच्या लक्षात येत नसे, एखाद्या वेळी गोळी चुके. दहा हजारांतून किती वेळा तो एक्केचाळिसावा दिवस पाहत नाही, ते मोजलं जाई.

"चांगला शुश्रूषक असेल तर सत्तर-ऐंशी येतात," सिस्टर रूथ म्हणाल्या. "अण्णांबरोबर सहाशे बारा आलेत."



"म्हणजे हे घरात असले, तर मी मरायची शक्यता आठपट?" त्रिशलानं विचारलं.

"असं म्हणू नका, ताई."

"मग कसं म्हणू?"

सिस्टर रूथनी हात जोडल्यासारखे केले. रुग्णाबद्दल यंत्राला जे कळलं, ते रुग्णाला सांगता येत होतं. घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल जे कळलं, ते त्या माणसाशिवाय कुणालाही सांगायला कायद्यानं बंदी होती. पूर्णवेळ परिचारिकेसाठी पाच महिन्यांची यादी होती. त्यांनी एकच उपाय सुचवला, दुसरा शुश्रूषक आणा.

परतताना रिक्षात भूपाल सारखा बोलत होता. यंत्राला काय अक्कल असते, डबी उलटी चिकटवली असेल, कोल्हापूरकडे एक जुन्या पद्धतीचं रुग्णालय अजून वॉर्ड चालवतं, तिथं हे थोतांड नाही. त्रिशला ऐकत होती. एका गोष्टीचं तिला नवल वाटलं. त्याला राग आला होता, पण धक्का बसला नव्हता.

त्रिशला एस.टी.च्या आगारात सत्तावीस वर्षं वाहतूक नियंत्रक होती. पहाटे ड्युटीवर आलेला ड्रायव्हर खिडकीशी सही करायला वाकला, की ती त्याच्याकडे एकदा नीट बघायची. कधी डोळे सांगायचे, कधी पेन धरायची पद्धत. "आज गाडी काढू नका," एवढंच ती म्हणायची. कारण विचारलं तर कित्येकदा तिला ते सांगता यायचं नाही. पण तिचं चुकलं असं क्वचितच झालं होतं.

त्यामुळे यंत्राला कळलं नसेल, असं तिला मनापासून म्हणता येईना. भूपालमध्ये त्याला काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं असेल?

त्या दिवसापासून ती नवऱ्याकडे बघायला लागली.

पहिले दोन दिवस काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगावर पडली होती. झोप नव्हती, डोळे मिटलेले होते. दिवाणखान्यातून भूपालची पावलं आली आणि खोलीच्या दाराबाहेर थांबली. आत आली नाहीत, परतलीही नाहीत. त्रिशलानं डोळे किलकिले केले. अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून त्याचा एक खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता. तो तिच्याकडे बघत होता. नुसता बघत होता. चेहऱ्यावर माया नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. अडतीस वर्षांत असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. भिंतीवरच्या डबीचा निळा ठिपका लुकलुकत होता. बऱ्याच वेळानं पावलं मागे गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही दिवशी.

बेंगळुरूहून मुलीचा, पूर्वाचा, फोन आला. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तिला येता येत नव्हतं.

"आई, बाबा फोनवर नीट बोलत नाहीत. तुमचं काही बिनसलंय का?"

"काही नाही गं. दगदग होते त्यांची."

"यंत्राचं मनावर घेऊ नका. माझ्या मैत्रिणीच्या सासरी असाच लाल शेरा आला होता." पूर्वा थांबली.

"मग काय निघालं?"

"जाऊ दे ना, आई."

"पूर्वा, काय निघालं?"

"तिचे सासरे सासूबाईंना उपाशी ठेवायचे. कुणाला पत्ता नव्हता."

त्रिशलानं फोन ठेवला. दुपारी आडवं व्हायच्या आधी तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. कडी घालताना तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं घातली.

पावलं आली, दाराशी थांबली. दार जरासं ढकललं गेलं. दाराच्या दोन बाजूंना ते दोघं श्वास रोखून उभे असल्यासारखे होते. तिच्या छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, आणि मदतीला हाक मारावी तर दाराबाहेर तोच होता.

भीती एकदा घरात शिरली, की तिला साध्या गोष्टीही पुरतात. त्यानं चहा आणून दिला की ती तो निवेपर्यंत ठेवायची आणि मोरीत ओतायची. कपाटातल्या शर्टांमागे तो काहीतरी लपवतो, हे तिनं एकदा पाहिलं. तिला पाहून त्यानं पटकन कपाट लावलं. कोल्हापूरकडच्या रुग्णालयाचं तर तो रोजच काढायचा. "तिथं यंत्र नाही, कुणी बघणार नाही," एकदा तो म्हणाला. 'कुणी बघणार नाही' हे शब्द दिवसभर तिच्या डोक्यात फिरत राहिले. आगारात असती तर तिनं अशा माणसाला गाडीजवळही फिरकू दिलं नसतं. पण हा ड्रायव्हर नव्हता. याच्याच हातचं खाऊन तिनं बाळंतपण काढलं होतं.

तो दाराशी थांबायला लागल्याच्या सहाव्या संध्याकाळी तिनं गोळ्यांचा डबा उघडला. आठवड्याच्या सात दिवसांचा, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेला तो डबा भूपालच भरायचा. हृदयाचे ठोके सावकाश करणारी बारीक पांढरी गोळी तिला रोज संध्याकाळी एकच घ्यायची होती. ही गोळी एकाची दोन कधी करायची नाही, हृदय थांबेल, असं भूपालनंच तिला पहिल्या दिवशी तीनदा बजावलं होतं.

कप्प्यात तीन होत्या.

तिनं त्या हातावर घेतल्या. स्वयंपाकघरात भूपाल तिच्यासाठी बिनमिठाची खिचडी परतत होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

"हे काय आहे?"

त्यानं पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुम्हाला मला मारायचंय का?" ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज निघाला तो जेमतेम. "तसं असेल तर सांगा. मी पूर्वाकडे जाते. कशीही जाते. पण असं नको."

भूपालच्या हातातला डाव कढईत पडला. त्यानं गॅस बंद केला, मग परत चालू केला, मग बंद केला.

"तुला असं वाटलं?"

"सहा दिवस तुम्ही दाराशी उभे राहून माझ्याकडे बघताय. मी कडी लावून झोपतेय."

"मला वाटलं, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावतेस."

तो स्टुलावर बसला. मग उठून खोलीत गेला आणि शर्टांमागून एक वही घेऊन आला. दुकानातली, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. त्यानं ती तिच्या हातात दिली आणि तोंड खिडकीकडे केलं.

पानापानावर त्याचंच वळणदार अक्षर होतं. 'सकाळी ९. गोळ्या भरल्या.' त्याखाली 'सकाळी ९.४०. गोळ्या भरल्या.' त्याखाली 'दुपारी. भरायच्या आहेत का ते बघणे.' एका पानावर नुसतं पूर्वाचं नाव आणि तिचा फोन क्रमांक चार वेळा लिहिला होता. एका ठिकाणी : 'त्रिशलाच्या खोलीत कशाला गेलो होतो?'

"दाराशी येतो तेव्हा काहीतरी मनात असतं," तो खिडकीकडे बघतच बोलला. "तिथं पोहोचलो की जातं. आत आलो तर तू विचारशील काय हवंय, आणि मला सांगता येणार नाही. म्हणून उभा राहतो. येईल आठवून म्हणून."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. दुकान विकलं ते म्हातारपणामुळे विकलं म्हणालो ना, तसं नाही. एका म्हाताऱ्याला दुसऱ्याचं औषध दिलं होतं मी. त्याच्या सुनेच्या लक्षात आलं म्हणून वाचला."

डब्या बसवल्याच्या नवव्या दिवशी त्याच्या फोनवर निरोप आला होता : आपल्याविषयी एक निरीक्षण आहे, पाहायचे आहे का? त्यानं पाहिलं होतं. वळताना अडखळणारी पावलं, दोन खोल्यांच्या मध्ये थांबणं, एकच खण पाच-पाच वेळा उघडणं. स्मृती जाण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, तपासणी करून घ्यावी. तो गेला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्रिशलाला उत्तर माहीत होतं. ते उत्तर तिच्या तोंडून निघूनही गेलं. "ऑपरेशन पुढे ढकलू. आधी तुमचं बघू."

"हेच." तो वळला. डोळे भरले होते, पण आवाज दुकानात गिऱ्हाइकाला समजावतानाचा होता. "माझं हळूहळू जाणार आहे. वर्षं लागतील. तुझ्याकडे दोन आठवडेसुद्धा नाहीत. तू नसलीस, तर मी कुणाच्या भरवशावर विसरू, त्रिशला?"

तिनं हातातल्या गोळ्या मोरीत टाकल्या आणि नळ सोडला. गेले सहा दिवस जी भीती होती, तिच्यातून वाट होती. पळून जाता आलं असतं, कडी लावता आली असती. या भीतीला कडी नव्हती. ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली, दम लागेपर्यंत रडली, आणि भूपालनं सवयीनं उशी आणून तिच्या छातीशी धरली.

दुसरा शुश्रूषक कोण, हा प्रश्न होताच. जवळचं असं एकच माणूस होतं आणि ते नाव दोघांनीही बराच वेळ घेतलं नाही. जयसिंगपूरला राहणारी भूपालची धाकटी बहीण, सरोज. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्रिशलानं त्यांना रुग्णालयात हलवलं होतं आणि त्या तिथंच गेल्या. आईला घरात मरू दिलं नाहीस, असं सरोज तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली होती. तेव्हापासून येणं-जाणं बंद.

"फोन तुम्ही करा," त्रिशला म्हणाली. "आणि सगळं सांगा. तुमचंही."

भूपालनं आधी कागदावर लिहून काढलं आणि मग वाचल्यासारखं बोलला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सरोज एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. ती आत आली, भिंतीवरच्या डब्यांकडे एकेक करून बघितलं.

"हेच का ते? मला बघणार?"

"तीन दिवस. घराची नोंद आधीच झालीय," त्रिशला म्हणाली.

"बघू दे की." तिनं पिशवी ठेवली. भावाच्या चेहऱ्याकडे मात्र तिला बघवेना. स्वयंपाकघरात आल्यावर ती त्रिशलाला हळूच म्हणाली, "वैनी, आईच्या वेळी तू घाईच केलीस. ते मी विसरलेले नाही."

"मी घाबरले होते, सरोज. त्यांचा श्वास असा व्हायचा... मला एकटीला तो बघवेना."

सरोजनं भांडं विसळून पालथं घातलं. "आता मी पण घाबरलेय," ती म्हणाली. त्या विषयावर पुन्हा दोघी बोलल्या नाहीत.

यंत्रानं पुन्हा दहा हजार वेळा ते चाळीस दिवस चालवून पाहिले. औषधं फक्त सरोजच्या हातून, भूपालनं चालायला, खोकायला, उठवायला मदत करायची. आकडा आला चौऱ्याऐंशी. शेरा हिरवा झाला. सिस्टर रूथनी तारीख दिली तेव्हा मुदतीतले सहा दिवस उरले होते.

ट्रॉलीवर नेताना दिव्यांचे चौकोन डोक्यावरून सरकत गेले. आपण उठणार नाही, ही भीती त्रिशलाला होतीच. पण तिच्याहून मोठी एक होती. पाच तास भूपाल बाहेर बाकावर बसेल, आणि मधेच कधीतरी त्याला वाटेल, मी इथं कशाला आलोय? तिनं सरोजचा हात घट्ट धरला. "त्यांना एकटं सोडू नकोस. पाणी प्यायलासुद्धा."

"जा तू निवांत," सरोज म्हणाली. "मी आहे इथं."

ती शुद्धीवर आली तेव्हा घशात नळी होती आणि छातीवर जणू कुणी पाटा ठेवला होता. काचेपलीकडे भूपाल उभा होता. त्यानं हात वर केला. त्यानं ओळखलं, एवढंच तिला कळलं आणि ती पुन्हा झोपली.

घरचे दिवस कठीण गेले. अकराव्या दिवशी ताप चढला. तो सरोजच्या लक्षात यायच्या आधी डब्यांच्या लक्षात आला, आणि अर्ध्या तासात सिस्टर दारात हजर झाल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजच्या तपासणीप्रमाणे कमी-जास्त करावी लागे. ती सरोज देई आणि डबा आपल्या पिशवीत कुलपात ठेवी. सुरुवातीला भूपालला ते झोंबलं. एकदा त्यानं ती पिशवी मागितलीही. सरोजनं नुसती मान हलवली, आणि तो उठून अंगणात गेला. पण सकाळ-संध्याकाळ त्रिशलाला धरून चालवणारा तोच होता. दहा पावलं, मग वीस, मग फाटकापर्यंत. त्यात तो एकदाही चुकला नाही. तिसाव्या दिवशी सरोज त्याला तपासणीला घेऊन गेली. आजार तोच निघाला. आजाराचा वेग कमी करणारं औषध होतं, थांबवणारं नव्हतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी रुग्णालयाचा माणूस येऊन डब्या काढून घेऊन गेला. भिंतीवर पाच फिके चौकोन राहिले.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. सरोज मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. भूपाल खिडकीशी पेपर वाचत होता, त्रिशला समोर पाय पसरून बसली होती. घरात कसलाही आवाज नव्हता.

भूपालनं मान वर केली. "कुठलं घड्याळ वाजतंय गं?"

"घड्याळ नाही. माझी नवी झडप आहे. धातूची आहे, वाजते थोडी."

"खरंच?" तो उठून आला, वाकून तिच्या गळ्याशी कान लावला. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे चाललंय."

"चाललंय."

तो जाऊन बसला. थोड्या वेळानं पेपर खाली आला. "घड्याळ कुठं आहे हे? बारीक टिकटिकतंय."

तिनं पुन्हा सांगितलं. तो पुन्हा आला, पुन्हा ऐकलं, पुन्हा खूश झाला.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, तेव्हा त्याचं बोट पेपरातल्या त्याच बातमीवर होतं. 'आत्ताच विचारलंत,' हे शब्द त्रिशलाच्या अगदी ओठांवर आले. तसं म्हटलं की त्याचा चेहरा कसा होईल, ते तिला दिसलं. पुढच्या वर्षी तो काय विचारील, त्याच्या पुढच्या वर्षी तरी तो विचारील का, तेही दिसलं. तिनं दोन श्वास घेतले, सरावात शिकवले होते तसे, सावकाश.

"झडप आहे माझी," ती म्हणाली. "या, ऐका."

तो उठला, आला, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा वाकला.

"म्हणजे चाललंय," तो म्हणाला.

त्रिशलानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी तिथंच धरून ठेवलं.